यंत्रातले सामाईक ग्रंथालय

श्रोतेहो, एखाद्या शाळेत संध्याकाळच्या वेळी एक शिक्षक संगणकावर पत्र लिहीत बसले आहेत, असे क्षणभर समजा. त्यांना 'विद्यार्थी' हा शब्द लिहायचा आहे. इन्स्क्रिप्ट पद्धतीच्या कळफलकावर ते आधी 'व' दाबतात आणि मग ऱ्हस्व वेलांटी. पण पडद्यावर ती वेलांटी 'व'च्या आधी जाऊन उभी राहते. 'द', पायमोड आणि 'य' अशा तीन कळा दाबल्या, की तिघांचे मिळून एकच जोडाक्षर होते. पुढचा 'र' तर आपली जागा सोडून 'थी'च्या डोक्यावर रफार होऊन बसतो. शिक्षकांना यात नवल वाटत नाही. मराठी अशीच लिहायची असते. पण यंत्राला हे कोणी शिकवले?

पत्र लिहिण्याचा जो प्रोग्रॅम आहे, त्यानेच शिकवले असेल, असे आपण म्हणाल. तसे नाही. समजा, तो प्रोग्रॅम लिबरऑफिस आहे आणि संगणक लिनक्स पद्धतीचा आहे. अक्षरांची जुळणी हे काम लिबरऑफिस स्वतः करीत नाही. त्यासाठी 'हार्फबझ' नावाचा एक निराळा संच यंत्रात ठेवलेला असतो, त्याला तो हाक मारतो. जुळलेल्या अक्षराचा आकार ठिपक्याठिपक्यांनी काढायचा, तर त्यासाठी 'फ्रीटाइप' नावाचा दुसरा संच असतो. फायरफॉक्ससारखा दुसरा प्रोग्रॅम मराठी बातमी दाखवू लागला, की तोही याच विद्येचा आधार घेतो. अशा तयार संचांना संगणकाच्या धंद्यात लायब्ररी म्हणतात. लायब्ररी म्हणजे ग्रंथालयच. पण त्यात वाचायची पुस्तके नसतात, तर यंत्राने करायच्या कामांच्या तयार कृती असतात. आणि एकच लायब्ररी अनेक प्रोग्रॅम मिळून वापरतात, तेव्हा तिला सामाईक लायब्ररी म्हणायचे.

जे सर्वांना लागते ते एकदाच लिहावे, एका जागी ठेवावे आणि सर्वांनी वापरावे, ही कल्पना ऐकायला किती सोपी! पण सामाईक विहिरीचे पाणी ज्यांनी काढले आहे त्यांना वेगळे सांगायला नको. विहीर एकदा उपसली की सगळ्या आळीला चांगले पाणी मिळते, आणि विहिरीत काही पडले की सगळ्या आळीत दुखणे येते. संगणकातल्या या सामाईक ठेव्याचा गेल्या पाऊणशे वर्षांचा इतिहास म्हणजे हाच पेच सोडवण्याचा इतिहास होय. तोच आज थोडक्यात सांगणार आहे.

गोष्ट सुरू होते इंग्लंडात, केंब्रिज विद्यापीठात. ६ मे १९४९ रोजी तेथे 'एडसॅक' नावाचा संगणक प्रथम चालला. त्याचे प्रमुख होते मॉरिस विल्क्स. त्या काळी संगणकाला हुकूम द्यायचे ते कागदी फितीवर भोके पाडून. आकडेमोडीचा प्रत्येक बारकावा माणसानेच लिहून द्यायचा. वर्गमूळ काढायचे असेल, तर त्याची सारी रीत पुन्हा पहिल्यापासून लिहायची. त्याआधी अमेरिकेत हार्वर्ड येथे ग्रेस हॉपर आणि त्यांचे सहकारी उपयोगी पडणाऱ्या कृती वह्यांत टिपून ठेवीत आणि एकमेकांच्या वह्यांतून उतरून घेत. उतरून घेताना चुका होत. एक आकडा इकडचा तिकडे झाला, तरी सारा हिशेब फुकट! विल्क्स यांनी पुढे आपल्या आठवणींत लिहिले आहे, की एकदा जिना चढता चढता त्यांच्या एकदम ध्यानात आले, आपल्या उरलेल्या आयुष्याचा बराचसा भाग आता आपल्याच प्रोग्रॅममधल्या चुका शोधण्यात जाणार.

यावर केंब्रिजच्या मंडळींनी जो उपाय काढला, तो म्हणजे फितींचे ग्रंथालय. वर्गमूळ, घातांक, उत्तर छापून काढणे, अशा नेहमीच्या कामांच्या कृती एकदाच नीट तपासून निरनिराळ्या फितींवर भोके पाडून ठेवायच्या आणि त्या फिती कपाटात लावायच्या. ज्याला लागेल त्याने फीत काढावी, तिची प्रत आपल्या फितीवर यंत्राने उतरवून घ्यावी आणि मूळ फीत जागच्या जागी ठेवावी. १९५१ पर्यंत या कपाटात अशा ८७ कृती जमल्या होत्या. त्याच वर्षी विल्क्स, डेव्हिड व्हीलर आणि स्टॅन्ली गिल या तिघांनी या पद्धतीवर पुस्तकही प्रसिद्ध केले.

यातले व्हीलर हे त्या वेळी तरुण संशोधक विद्यार्थी होते. एका प्रोग्रॅमने काम थांबवून कपाटातल्या कृतीकडे जायचे, तिचे काम उरकले की बरोबर सोडल्या जागी परत यायचे, याची युक्ती त्यांनी बसवली. पण त्यांनी केलेले एक निरीक्षण मला त्या युक्तीहूनही मोलाचे वाटते. १९५२ साली एका परिषदेत ते म्हणाले, की कृती लिहून झाली, तपासून झाली, तरी एक काम उरतेच. तिचे आतले बांधकाम ज्याला ठाऊक नाही अशा माणसालाही ती वापरता यावी, इतके स्पष्ट वर्णन लिहायचे. आणि हेच कदाचित सर्वांत अवघड काम. श्रोतेहो, हा मुद्दा लक्षात ठेवा. लायब्ररी वापरणारा आत काय आहे हे पाहत नाही. बाहेर जे लिहून दिले आहे त्याच्या भरवशावर तो चालतो. म्हणजे लायब्ररी ही नुसती वस्तू नव्हे, तो एक शब्द आहे, दिलेला शब्द. पुढचे सारे रामायण या दिलेल्या शब्दावरून घडले.

केंब्रिजच्या पद्धतीत एक उणीव मात्र होती. तेथे प्रत्येकजण प्रत उतरवून नेई. दहा प्रोग्रॅमना वर्गमूळ लागले, तर दहा प्रती. जागा दसपट लागली, हे तर झालेच. पण उद्या मूळ फितीत चूक सापडली आणि ती दुरुस्त केली, तर ती दुरुस्ती त्या दहा जणांपर्यंत आपोआप कशी पोचणार? मूळ बदलले तरी प्रती जुन्याच राहतात.

तेव्हा प्रती न काढता एकच मूळ सर्वांनी वापरता येईल काय, असा विचार पुढे आला. १९६५ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, बेल लॅबोरेटरीज आणि जनरल इलेक्ट्रिक यांनी मिळून 'मल्टिक्स' या ऑपरेटिंग सिस्टिमची योजना मांडली. ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे संगणकाचा सारा कारभार पाहणारी व्यवस्था. वीज घरोघर पुरवावी तसे संगणकाचे काम अनेकांना एकाच वेळी पुरवावे, अशी मल्टिक्सची महत्त्वाकांक्षा होती. त्यात प्रोग्रॅमच्या पोटात कृतीची प्रत नसे, नुसते तिचे नाव असे. काम चालू असताना ते नाव प्रथम आले, की व्यवस्था ती कृती शोधून काढी आणि तेथल्या तेथे सांधा जोडून देई. एकच कृती, अनेक वापरणारे.

कल्पना मोठी होती. यंत्रे मात्र अजून लहान होती. काम लांबत गेले आणि १९६९ मध्ये बेल लॅबोरेटरीज त्यातून बाहेर पडली. तेथल्या केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी मग आपल्यापुरती एक आटोपशीर व्यवस्था उभारली, तिचे नाव युनिक्स. युनिक्स पुढे जगभर गेली. पण सामाईक लायब्ररीच्या बाबतीत ती केंब्रिजच्याच वळणावर होती. प्रत्येक प्रोग्रॅम आपली प्रत पोटात घेऊन हिंडे. प्रोग्रॅम लहान होते तोवर ते खपले. १९८४ मध्ये मॅसॅच्युसेट्सलाच 'एक्स विंडो' नावाची चित्रमय खिडक्यांची पद्धत निघाली, आणि अशा पद्धतींनी सारे गणित बदलले. पडद्यावर साधे घड्याळ दाखवायचे, तरी खिडकी काढणारे, रंग भरणारे, अक्षरे उमटवणारे सगळे बिऱ्हाड बरोबर घ्यावे लागे. चार खिडक्या उघडल्या की तेच बिऱ्हाड यंत्राच्या स्मृतीत चारदा! तेव्हा १९८८ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सच्या सनओएस ४.० मध्ये सामाईक लायब्ऱ्या आल्या, आणि आज आपण ज्या पद्धतीने त्या वापरतो तिचा साचा तेथे पडला.

ती पद्धत अशी. प्रत्येक प्रोग्रॅमच्या आत एक यादी असते : मला अमुक अमुक लायब्ऱ्या लागतात. आपण प्रोग्रॅम सुरू केला, की आधी 'लोडर' नावाचा एक मुकादम उठतो. तो यादी वाचतो, एकेक लायब्ररी शोधतो, ती स्मृतीत आधीच असेल तर तीच दाखवून देतो, नसेल तर आणतो. लायब्ररीतला न बदलणारा भाग सर्वांत एकच. ज्याच्या त्याच्या हिशेबाची पाटी मात्र ज्याला त्याला वेगळी. पण गंमत पुढेच आहे. आणलेल्या लायब्ररीच्या आतही एक यादी असते! तिला आणखी दोघी लागतात, त्यांना आणखी तिघी. लग्नाला बोलावलेल्या पाहुण्याने आपले पाहुणे आणावेत आणि त्यांनी आपले व्याही आणावेत, तशी ही रांग लागते. तिच्यातली एक जरी सापडली नाही, तरी प्रोग्रॅम सुरूच होत नाही. मग त्या एकीशी प्रोग्रॅमचा थेट संबंध असो वा नसो.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना हे वर्गात दाखवता येईल. लिनक्सच्या संगणकावर 'एलडीडी' नावाची एक आज्ञा असते. तिच्यापुढे नेहमीच्या, भरवशाच्या एखाद्या प्रोग्रॅमचे ठिकाण लिहिले, की त्याला लागणाऱ्या लायब्ऱ्यांची, पाहुण्यांच्या पाहुण्यांसकट, सारी यादी पडद्यावर येते. साध्या दिसणाऱ्या प्रोग्रॅमची यादी किती लांब असते, हे पाहून मुलांना मौज वाटेल.

आता पेच कसा पडला तो पाहू. नोव्हेंबर १९८५ मध्ये मायक्रोसॉफ्टची विंडोज ही व्यवस्था प्रथम बाजारात आली. तीही सामाईक लायब्ऱ्यांवरच उभी होती. तेथे त्यांना 'डीएलएल' म्हणतात. पुढे दहा वर्षांत विंडोज घरोघर आणि कचेरीकचेरीत पोचली. लोक निरनिराळ्या कंपन्यांचे प्रोग्रॅम विकत आणून यंत्रात बसवू लागले. प्रत्येक प्रोग्रॅम येताना आपल्याला हवी ती डीएलएल बरोबर आणी आणि सामाईक जागेत टाकी. तेथे त्याच नावाची आधीची असेल, तर तिच्यावरच टाकी! नवा प्रोग्रॅम छान चाले; पण काल चालणारा जुना प्रोग्रॅम आज उघडेना. कधी नव्याच्या जागी जुनी जाऊन बसे, कधी जुन्याच्या जागी नवी. बिचाऱ्या वापरणाऱ्याला कळेना, की मी चित्रांचा प्रोग्रॅम घातला आणि हिशेबाचा का मेला? या अवस्थेला त्या धंद्यातल्या लोकांनी 'डीएलएलचा नरक' असेच नाव ठेवले. फेब्रुवारी २००० मध्ये आलेल्या विंडोज २००० मध्ये व्यवस्थेच्या मुख्य फायलींवर पहारा बसवला गेला, आणि २००१ च्या विंडोज एक्सपीत एकाच लायब्ररीच्या दोन आवृत्त्या शेजारी शेजारी नांदण्याची सोय आली. तेव्हा कुठे हा त्रास बराच आटोक्यात आला.

लिनक्सच्या गोटात पेच निराळ्या वाटेने आला. फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये लिनक्सला आरंभ केला. सुरुवातीच्या पद्धतीत प्रत्येक सामाईक लायब्ररीला स्मृतीतला एक ठरावीक पत्ता नेमून दिलेला असे, जणू गावठाणातले मोजून दिलेले प्लॉट. लायब्ररी वाढली की शेजारच्या हद्दीत घुसायची भीती. १९९५ च्या सुमारास 'एल्फ' नावाची नवी पद्धत घेतली गेली आणि लायब्ररीला मोकळी असेल त्या जागी बसता येऊ लागले.

पण खरी कसोटी १९९७-९८ मध्ये लागली. लिनक्समधल्या जवळजवळ प्रत्येक प्रोग्रॅमला आणि लायब्ररीला लागणारी जी मूळ लायब्ररी, तिचे नाव 'लिबसी'. तिची पाचवी पिढी जाऊन सहावी आली. डिसेंबर १९९७ मध्ये रेड हॅट ५.० आणि जुलै १९९८ मध्ये डेबियन २.० या संचांनी सहावी स्वीकारली. एखाद्या प्रोग्रॅमला सहावी हवी, पण त्याने बोलावलेल्या एका लायब्ररीला पाचवी हवी, असे झाले की दोन्ही लिबसी एकाच घरात कारभार करू लागत. एकीने उघडलेले खाते दुसरी बंद करू पाही. मग प्रोग्रॅम मध्येच कोसळे. शेवटी सारा संसारच नव्याने बांधून घ्यावा लागला.

या अनुभवातून दोन शहाणपणाच्या रीती दृढ झाल्या. पहिली आकड्याची. लायब्ररीच्या नावामागे एक आकडा लावायचा. आतली दुरुस्ती केली तरी बाहेरचा दिलेला शब्द पाळला असेल, तर आकडा बदलायचा नाही. शब्द मोडला असेल, तर नवा आकडा घ्यायचा, म्हणजे जुने लोक जुन्याकडेच जातात. लिबसीच्या नावामागचा सहा हा आकडा १९९७ पासून आजतागायत बदललेला नाही. एवढ्या वर्षांत आत शेकडो बदल झाले. पण बाहेरचा शब्द मोडायचा नाही, हा बाणा सांभाळला गेला. दुसरी रीत कारभाऱ्याची. कोणाला कोण लागते, कोणती आवृत्ती लागते, ही माहिती प्रत्येक संचाबरोबर लिहून ठेवायची आणि बसवण्याचे काम एका जाणत्या प्रोग्रॅमकडे सोपवायचे. मार्च १९९९ च्या डेबियन २.१ बरोबर आलेला 'ॲप्ट' हा असाच कारभारी. एक मागा, तो त्याच्या मागची सारी रांग शोधून, कोणी आधी आणि कोणी मागून हे लावून बसवतो.

एवढा खटाटोप करण्यापेक्षा ज्याची त्याची प्रत ज्याच्या त्याच्या पोटात का ठेवू नये, असे आपल्या मनात येईल. आजही अनेक ठिकाणी तसे करतात, आणि त्यात सुटसुटीतपणा आहे, हे खरे. परंतु मार्च २००२ मध्ये काय झाले पाहा. 'झेडलिब' नावाची एक लायब्ररी आहे. मोठा मजकूर दाबून लहान करणे आणि पुन्हा उलगडणे, हे तिचे काम. १९९५ मध्ये निघाल्यापासून ती असंख्य प्रोग्रॅमनी वापरली. तिच्यात एक धोक्याची चूक सापडली : स्मृतीतली एकच जागा दोनदा मोकळी केली जाई, आणि त्याचा फायदा घेऊन घुसखोराला आत शिरण्याची संधी होती. जे प्रोग्रॅम सामाईक झेडलिब वापरत होते, त्यांच्यासाठी एकच लायब्ररी बदलली की काम झाले. पण ज्यांनी ती वेगळी उतरवून आपल्या पोटात घेतली होती, त्यांना एकेकाला शोधून काढून दुरुस्त करावे लागले. केंब्रिजच्या फितीतली उणीव पन्नास वर्षांनी पुन्हा आडवी आली!

म्हणजे सामाईक तेच श्रेष्ठ, असे म्हणून मोकळे व्हावे काय? तेही नाही. २०१० ची एक गोष्ट ऐका. लिबसीमध्ये स्मृतीच्या एका जागेतला मजकूर दुसऱ्या जागी उतरवण्याची एक कृती आहे, तिचे नाव 'मेमकॉपी'. तिच्या लेखी नियमात स्पष्ट म्हटले आहे, की या दोन जागा एकमेकींवर चढलेल्या असू नयेत. त्यासाठी दुसरी कृती आहे. पण मेमकॉपी पहिल्यापासून पुढे अशी उतरवीत असे, म्हणून काही वेळा जागा एकमेकींवर चढलेल्या असल्या तरी निभावून जाई. पुढे वेग वाढवण्यासाठी तिची रीत बदलली आणि काही यंत्रांवर ती शेवटाकडून मागे उतरवू लागली. लेखी नियमाप्रमाणे यात काहीच वावगे नव्हते. पण त्या वर्षीच्या फेडोरा १४ या लिनक्सवर लोकांच्या लक्षात आले, की फ्लॅश प्लेअरमधून येणारा आवाज खरखरतो आहे. त्या काळी फ्लॅश हा पडद्यावरच्या चलच्चित्रांचा मोठा आधार होता. त्याच्या कर्त्यांनी चढलेल्या जागांवर मेमकॉपी वापरली होती.

आता चूक कोणाची? लायब्ररीचे लोक म्हणाले, आम्ही नियमाबाहेर गेलो नाही. टोरवाल्ड्स यांनी वापरणाऱ्यांची बाजू घेतली. त्यांचे म्हणणे असे, की काल चालत होते ते आज बिघडले, एवढेच वापरणाऱ्याला दिसते. नियमाचे कलम दाखवून त्याचे समाधान होत नाही. श्रोतेहो, शेताच्या बांधावरून जाणारी पायवाट आपल्याला ठाऊक आहे. कागदावर ती नसते. पण वर्षानुवर्षे लोक तिच्यावरून जातात, आणि मालकाने एके दिवशी तेथे काटे घातले की भांडण उभे राहते. एकाच्या हाती कागद असतो आणि दुसऱ्याच्या बाजूला वहिवाट. येथेही नेमके तेच झाले. तोड निघाली तीही मोठी समंजस. जुन्या प्रोग्रॅमनी मेमकॉपी म्हटले, की त्यांना पूर्वीप्रमाणे निभावून नेणारी कृती द्यायची आणि नव्याने बांधलेल्या प्रोग्रॅमना नवी. नाव एकच, पण नावामागे आवृत्तीची खूण. म्हणजे कागदही राहिला आणि वहिवाटही मोडली नाही.

येथवर आपण लायब्ऱ्यांचा विचार केला. पण लायब्ररीमागे माणसे असतात, आणि ती किती थोडी असतात हे जगाला कळले एप्रिल २०१४ मध्ये. 'ओपनएसएसएल' ही लायब्ररी इंटरनेटवरचे बोलणे गुप्त ठेवते. दूरच्या यंत्राला 'हा शब्द मला परत सांग' असे म्हणून तो जागा आहे का हे पाहण्याची तिच्यात एक सोय होती. शब्द चार अक्षरी पाठवायचा आणि लांबी मात्र हजारोंची सांगायची, असे केले तर ते यंत्र शब्दाशेजारी पडलेली गुप्त माहितीही परत देऊन बसे. या चुकीला 'हार्टब्लीड' हे नाव पडले. जगातल्या मोठमोठ्या व्यवहारांचे कुलूप ज्या लायब्ररीवर अवलंबून होते, तिची निगा मूठभर माणसे तुटपुंज्या मदतीवर राखीत होती. त्याच महिन्यात लिनक्स फाउंडेशनने मोठ्या कंपन्यांकडून पैसा उभा करून अशा कामांना साहाय्य देण्याची योजना सुरू केली.

तरीही धडा पुरता झाला नव्हता. २९ मार्च २०२४ रोजी आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने एक गोष्ट जाहीर केली. ते स्वतः पोस्टग्रेस या माहितीसाठ्याच्या प्रोग्रॅमवर काम करणारे. सुरक्षितता हा त्यांचा मुख्य विषय नव्हे. वेगाची मोजमापे घेताना त्यांना आढळले, की दूरच्या यंत्रात प्रवेश करून देणारा 'एसएसएच' हा पहारेकरी नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त घेतो आहे. अर्धा सेकंद! दुसरा कोणी असता तर त्याने तिकडे पाहिलेही नसते. ते मागोवा घेत गेले आणि पोचले 'लिबएलझेडएमए' या लायब्ररीशी. हीही मजकूर दाबून लहान करणारी. पहारेकऱ्याला तिचे काय काम? काहीच नाही. पण डेबियन, फेडोरा अशा संचांतल्या लोकांनी, आपण तयार आहोत एवढा निरोप पहारेकऱ्याने व्यवस्थेला द्यावा म्हणून, त्याला 'लिबसिस्टिमडी' ही लायब्ररी जोडली होती. आणि लिबसिस्टिमडीला दुसऱ्याच एका कामासाठी लिबएलझेडएमए लागत होती. पाहुण्याच्या पाहुण्याबरोबर चोर घरात आला तो असा.

चोर आला कसा, हे त्याहून विचार करण्यासारखे आहे. ही लायब्ररी प्रामुख्याने एकच गृहस्थ, मोबदल्याविना, वर्षानुवर्षे सांभाळीत होते. जिया टॅन या नावाने कोणी एक जण २०२१ पासून त्यांना मदत करू लागला. चांगले काम करून विश्वास मिळवला. कामे तुंबली आहेत, नवा माणूस घ्या, असा दुसऱ्या नावांनी तगादाही लागला. अखेरीस लायब्ररीच्या किल्ल्या त्याच्या हाती आल्या, आणि ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत त्याने चोरवाट घातली. त्या अजून मुख्यतः चाचणीच्या संचांतच पोचल्या होत्या, म्हणून अनर्थ टळला. त्याच वर्षी जुलैमध्ये आलेल्या ओपनएसएसएच ९.८ मध्ये तो तयारीचा निरोप स्वतःच देण्याची सोय केली गेली. काम थोड्या ओळींचे होते. त्यासाठी अख्खे बिऱ्हाड बोलावण्याची गरज नव्हती.

आता पुन्हा आपल्या शाळेतल्या शिक्षकांकडे येऊ. 'हार्फबझ' हे नाव फारसी शब्दांवरून घेतलेले आहे. हर्फ म्हणजे अक्षर. जुन्या मराठीत 'हरफ' शब्द येतो तोच हा. या हार्फबझला अक्षरसंचातली माहिती विचारायला फ्रीटाइप लागू शकतो. आणि फ्रीटाइपला काही लिप्यांची अक्षरे रेखीव उमटवण्यासाठी हार्फबझचा उपयोग होतो. दोघे एकमेकांवर अवलंबून! आधी कोणाला बांधायचे? आपल्याकडे याला बीजांकुरन्याय म्हणतात : बी आधी की अंकुर आधी? हे संच मुळापासून बांधणाऱ्यांनी त्यावर साधी तोड काढली. आधी फ्रीटाइप हार्फबझवाचून बांधायचा, थोडा अपुरा. त्याच्या आधाराने हार्फबझ बांधायचा. आणि मग हार्फबझ हाताशी घेऊन फ्रीटाइप पुन्हा एकदा, या वेळी पुरता. आपला 'विद्यार्थी' शब्द पडद्यावर नीट उमटतो, त्याच्यामागे अशी देवघेव आहे.

या इतिहासातून, सामाईक वाईट आणि स्वतंत्र चांगले, किंवा त्याच्या उलट, असा निकाल निघत नाही. प्रत उतरवून घेतली, तर दुरुस्ती पोचवण्याची जबाबदारी आपल्यावर येते. सामाईक वापरले, तर दुसऱ्याच्या शब्दावर विसंबावे लागते. आणि तो दुसरा तिसऱ्यावर विसंबलेला असतो. यांतून सुटका नाही. म्हणून दिलेला शब्द स्पष्ट लिहावा, तो मोडायचा झाला तर नवा आकडा लावून सांगावे, गरजेपेक्षा जास्त पाहुणे बोलावू नयेत, आणि विहीर कोण उपसतो आहे, तो एकटाच तर नाही ना, याची अधूनमधून चौकशी करावी. यातली पहिली तीन कामे यंत्राची माणसे आता बऱ्यापैकी शिकली आहेत. चौथे शिकायला मात्र त्यांना २०२४ साल उजाडावे लागले, आणि तेही एका माणसाला अर्धा सेकंद खटकला म्हणून.